वाटे आधी ठरवा: ओपन सोर्सवर घर चालवायचं तर

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढताना मी लहानपणापासून बघत आले आहे. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांनी ओढायला लागतात. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. येता-जाता कुणी दोराला हात लावला असेल तर त्याच्या पिशवीतही चार बांगडे पडतात. यातली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. वाटे कसे पडणार हे जाळं पाण्यात जायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. मासळी वाळूवर तडफडत असताना कुणी नियम करायला बसत नाही.

मी प्रोग्राम लिहिते. 2016 पासून मच्छीमार सोसायट्यांसाठी हिशोबाचा एक प्रोग्राम सांभाळते आहे. त्याला किनाऱ्यावर सगळे नुसतं ‘वही’ म्हणतात. रापणीचे वाटे, लिलावाच्या पट्ट्या, सभासदांची उचल, डिझेल परताव्याची कागदपत्रं, एवढंच त्यात आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला आहे, कुणीही घ्यावा, बदलावा; यालाच ओपन सोर्स म्हणतात. आणि त्याच प्रोग्रामवर माझं घर चालतं, शिवाय दोघांना अर्धवेळ पगार मिळतो. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदवायच्या हे मला अनेक जण विचारतात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गातली इंजिनिअरिंगची मुलं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

एक पान, मध्ये रेघ

पहिला रुपया घेण्याआधी एक कोरं पान घ्या आणि मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे जे कधीच विकणार नाही ते लिहा, उजवीकडे ज्याचे पैसे घ्याल ते. हे पान प्रोग्रामच्या रेपोमध्येच, म्हणजे कोड ठेवायच्या सार्वजनिक जागेतच ठेवा, तारखेसह, सगळ्यांना दिसेल असं.

माझ्या पानावर डावीकडे आहे: सगळा कोड. सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही ज्या दिवशी तयार झाल्या त्याच दिवशी सगळ्यांना. आपला डेटा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येणं. मराठी. आणि नेट नसताना चालणं. उजवीकडे आहे: आमच्या सर्व्हरवर ठेवणं आणि रोजचा बॅकअप, फोन उचलणं, जुन्या वह्यांतले आकडे भरून देणं, सोसायटीत जाऊन शिकवणं, कुणाला खास अहवाल हवा असेल तर तो लिहून देणं.

‘नेट नसताना चालणं’ हे आधी उजवीकडे होतं. लिहायला अवघड भाग, तेव्हा त्याचे पैसे घ्यावेत असं मला वाटत होतं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी जनरेटरवर लॅपटॉप लावून बसले आणि त्यांनी सभासदनिहाय बोटी आणि जाळ्यांची यादी छापून काढली. कागदी रजिस्टरं कपाटात भिजून एकाला एक चिकटली होती. पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या हातात त्यांनी ती यादी दिली. मी तिथेच उभी होते, छापलेली पानं मोजत. त्यांनी आमच्याकडून नेटविना चालणारी आवृत्ती तपासणीसाठी म्हणून फुकट घेतली होती, एवढ्याच कारणाने ते जमलं. घरी आल्यावर मी ती ओळ रेघेच्या डावीकडे नेली आणि पुन्हा कधी हलवली नाही.

तेव्हापासून माझी कसोटी ठरली आहे. आचऱ्यापलीकडच्या एखाद्या लहान सोसायटीत एकटाच कारकून आहे, हाताशी पैसे नाहीत. ही सोय नसेल तर त्याचं काम अडेल का? अडणार असेल तर ती डावीकडे. ज्याच्या कारभाराच्या मोठ्या पसाऱ्यामुळेच एखादी गरज निर्माण झाली आहे, त्याच्याकडून पैसे घ्यायला मला संकोच वाटत नाही.

पैसे मागायला मात्र मी बराच काळ कचरत होते. तो संकोच एका वयस्कर रापणकर काकांनी घालवला. सोसायटीच्या ओसरीवर बसून ते म्हणाले, “गो बाय, तुझो प्रोग्राम फुकट, पण तू फुकट नाय मां? उद्या ह्या बंद पडला तर आमी कोणाक विचारूचा? वर्साचे किती ता सांग.” त्यांना फुकट वस्तूपेक्षा जबाबदार माणूस हवा होता. त्या दिवशी मी वर्षाला 7,200 रुपये सांगितले. आज 19 सोसायट्या ते देतात, आणि त्यांच्या दुपटीहून जास्त सोसायट्या स्वतःच्या संगणकावर एक पैसाही न देता तोच कोड चालवतात.

ही वाट काही माझीच नव्हे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर जीपीएल 3 लायसन्सखाली (लायसन्स म्हणजे कोड कसा वापरायचा त्याच्या अटी) पूर्ण खुलं आहे, त्याखालचं फ्रेमवर्क एमआयटी लायसन्सखाली, आणि कंपनी होस्टिंग, म्हणजे आपल्या सर्व्हरवर चालवून देणं, आणि सेवा विकते. सुरुवात करताना मी त्यांचं लायसन्सचं पान आणि दराचं पान शेजारी-शेजारी उघडून वाचलं होतं. तुम्हीही वाचा.

लायसन्स: कोणाला काय बांधतं

लायसन्स निवडताना मी पहिल्यांदा विचारच केला नव्हता. सगळे एमआयटी लावतात म्हणून मीही लावलं. एमआयटीचा अर्थ असा: कॉपीराइटची आणि लायसन्सची ओळ ठेवा, बाकी काय हवं ते करा, बंद करून विका, काही परत देऊ नका.

एका मोठ्या शहरातल्या कंपनीने तसंच केलं. कोड घेतला, रंग बदलले, आपल्या सर्व्हरवर ठेवला आणि आमच्याच किनाऱ्यावरच्या सोसायट्यांना वर्गणीवर विकायला लागली. त्यांनी केलेल्या सुधारणा बंद राहिल्या. अडचण आली की सेक्रेटरी मला फोन करायचे, कारण पडद्याच्या तळाशी अजून माझं नाव होतं. एकदा गणपतीच्या आदल्या रात्री मी दोन तास बसून त्या कंपनीच्या गिऱ्हाइकाचे वाटे दुरुस्त करून दिले. कंपनीने कुठलाही नियम मोडला नव्हता, ती मोकळीक मीच लिहून दिली होती. मला राग आला तो सोसायट्यांसाठी, कारण त्यांना आपला डेटा तिथून बाहेर काढता येत नव्हता.

तेव्हा मी लायसन्सं नीट वाचली. तुमचा वेळ वाचावा म्हणून सार सांगते.

एमआयटी, बीएसडी आणि अपाची 2.0 ही मोकळी लायसन्सं. अपाचीमध्ये पेटंटची परवानगीही स्पष्ट लिहिलेली असते, एवढा महत्त्वाचा फरक. तुमचा कोड म्हणजे इतरांच्या प्रोग्रामात बसणारा लहान भाग असेल, तारखा मराठीत दाखवणारी लायब्ररी म्हणा, तर हीच योग्य. जितक्या जास्त ठिकाणी बसेल तितकं बरं.

जीपीएल 1989 साली आलं, दुसरी आवृत्ती 1991 ला, तिसरी 2007 ला. प्रोग्रामची प्रत दुसऱ्याला दिलीत तर सोर्सही त्याच अटींवर द्या, असं ते सांगतं. पण सर्व्हरवर ठेवून नुसता वापरू दिला तर ‘प्रत दिली’ असं होत नाही, म्हणून तिथे ही अट लागू होत नाही. ती फट बुजवायला 2007 च्या नोव्हेंबरात एजीपीएल 3 आलं. त्याच्या 13 व्या कलमानुसार कुणी कोडमध्ये बदल करून तो नेटवरून लोकांना वापरू देत असेल, तर त्या लोकांना बदललेला सोर्स मिळण्याची सोय ठेवावी लागते. सर्व्हरवर चालणारा, आपल्या आपण पूर्ण असलेला प्रोग्राम असेल तर मी बेलाशक एजीपीएल सुचवते.

त्याची किंमतही जाणून घ्या. पुष्कळ मोठ्या कंपन्या एजीपीएलचा कोड आत येऊच देत नाहीत; गूगलचं तसं धोरण जाहीर आहे. आमची गिऱ्हाइकं मच्छीमार सोसायट्या असल्यामुळे मला त्याने फरक पडला नाही. तुमची गिऱ्हाइकं कोण, ते बघून ठरवा.

मालवणात हे समजावताना मी पर्ससीनचं, म्हणजे बोटीवरून थव्याभोवती टाकून आवळायच्या मोठ्या जाळ्याचं, उदाहरण देते. समुद्र सगळ्यांचा, तरी पर्ससीनचं जाळं अख्खा थवा एका फेरीत उचलतं आणि रापणीच्या वाट्याला रिकामं पाणी येतं. 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले ते त्याचसाठी. लायसन्स हा आपल्या पाण्यातला जाळ्याचा नियम आहे, असं म्हटलं की सोसायटीच्या बैठकीत कुणाला पुढचं विचारावं लागत नाही.

आम्ही एमआयटीवरून एजीपीएलवर आलो तेव्हा कोडमध्ये माझ्याशिवाय 11 जणांची कामं होती. एमआयटीचा कोड एजीपीएलच्या प्रोग्रामात घेता येतो, जुन्या ओळी जपल्या की झालं, म्हणून कायद्याने कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी मी प्रत्येकाला पत्र लिहिलं, फोन केले, सगळ्यांचा होकार येईपर्यंत सात आठवडे थांबले. एकाने नको म्हटलं होतं. त्याच्याशी दोनदा बोलणं झालं, आणि बदलाची कारणं रेपोमध्ये लिहून ठेवायची या अटीवर तो तयार झाला. जुनी आवृत्ती मात्र एमआयटीखालीच राहते, ती परत घेता येत नाही. त्या कंपनीकडे आजही तीच आहे.

सगळे हक्क एका मुठीत नकोत

या भागावर माझं मत ठाम आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रकल्पांनी लायसन्स बदलण्याची रांगच लागली. मोंगोडीबी हा डेटाबेस 2018 ला एसएसपीएल या जास्त बंधनांच्या लायसन्सवर गेला. शोधासाठी वापरायच्या इलास्टिकसर्चने 2021 च्या जानेवारीत अपाची सोडलं, आणि त्याच वर्षी ॲमेझॉनने ओपनसर्च हा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून वेगळा चालवलेला प्रकल्प, काढला. हॅशिकॉर्पने 2023 च्या ऑगस्टमध्ये सर्व्हर उभारायचं टेराफॉर्म बीएसएल या तशाच बंधनांच्या लायसन्सखाली नेलं; सप्टेंबरमध्ये ओपनटोफू हा फोर्क लिनक्स फाउंडेशनकडे होता. रेडिस या डेटाबेसने 2024 च्या मार्चमध्ये बीएसडी सोडलं आणि काही दिवसांतच वाल्की हा फोर्क उभा राहिला. पुढे इलास्टिकने 2024 मध्ये आणि रेडिसने 2025 मध्ये एजीपीएलचा खुला पर्याय दिला, पण तोवर गाव दोन वाड्यांत वाटला गेला होता.

या कंपन्यांची तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी राबून बांधलेलं मोठ्या क्लाउडवाल्यांनी आयतं विकलं. मीही लहान प्रमाणात तेच सोसलं आहे. पण ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट दुरुस्त्या पाठवल्या, त्यांना नियम बदलल्याचं एका सकाळी बातमीतून कळावं, हे मला पटत नाही.

हे त्यांना करता कसं आलं? दोन वाटांनी. काही ठिकाणी काम पाठवणाऱ्यांकडून सीएलए म्हणजे हक्कांचं करारपत्र आधीच सही करून घेतलेलं असतं, त्यामुळे लायसन्स बदलायची मुभा कंपनीकडे जमा होते. दुसरीकडे लायसन्सच मोकळं असतं, तिथे करारपत्र नसतानाही नवी आवृत्ती बंद करता येते. रेडिसचं बीएसडी हे या दुसऱ्या वाटेचं उदाहरण.

उलट बाजूला लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बघा. ते जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, कॉपीराइट हजारो लोकांमध्ये विखुरलेला आहे, आणि 2004 पासून तिथे डीसीओ ही पद्धत चालते. पाठवलेल्या प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ आणि नाव, म्हणजे ‘हे काम द्यायचा मला हक्क आहे’ एवढीच ग्वाही. हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. उद्या कुणी कितीही पैसे घेऊन आला तरी तो कर्नलचं लायसन्स विकत घेऊ शकत नाही, कारण विकणारा कुणी एक माणूसच नाही.

‘वही’साठी मी तेच केलं: एजीपीएल आणि डीसीओ, करारपत्र नाही. यामुळे बंद आवृत्ती वेगळ्या किमतीला विकायची वाट माझ्यापुरतीही बंद झाली. ते नुकसान मी समजून-उमजून घेतलं आहे. मला उद्या कर्ज झालं, घरात आजारपण आलं, तर माझ्यासमोर विकण्याचा मोह उभा राहू शकतो. तेव्हा विकता येण्यासारखं माझ्या हातात काही असू नये, असं मला चांगल्या दिवसांत वाटलं, म्हणून मी ते चांगल्या दिवसांत बांधून टाकलं.

एसएसपीएल किंवा बीएसएलचा विचार करत असाल तर एक लक्षात ठेवा: सोर्स वाचता येतो, पण ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणारी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था त्यांना ओपन सोर्स मानत नाही. तसं लायसन्स लावायचं तर लावा, फक्त लोकांना ‘ओपन सोर्स’ म्हणून सांगू नका.

मोठी मागणी आली की ती फोडा

मागच्या हंगामात बर्फ आणि शीतगृहाचा धंदा असलेल्या एका कंपनीचं पत्र आलं. ‘वही’त दोन गोष्टी हव्यात, तीन लाख रुपये देतो. पहिली, लिलावाची पट्टी थेट त्यांच्या हिशोबात जावी, म्हणजे दोनदा टंकलेखन नको. दुसरी, सगळ्या सोसायट्यांतल्या सभासदांची उचल आणि बाकी एका पानावर दिसावी.

माझ्या घराची कौलं बदलायची होती. पत्र वाचल्यावर ती आधी डोळ्यांसमोर आली, हे मी इथे लिहून ठेवते.

मग मी ते पत्र फोडलं. दोन कामं, दोन कागद. प्रत्येक कागदावर लिहिलं: याचा फायदा कोणाला, तोटा कोणाला, आणि ज्याचा तोटा आहे तो ही चर्चा वाचतो का. पहिल्या कामात सगळ्यांचाच फायदा होता, इतर व्यापाऱ्यांनाही ते वापरता येणार होतं. दुसरं काम वेगळं होतं. कोण किती कर्जात आहे हे खरेदीदाराला कळलं, तर तो लिलावात त्याच माणसाचा भाव पाडतो. आणि ज्यांचा भाव पडणार ते रेपोमधली चर्चा वाचत नाहीत.

म्हणून चर्चा त्यांच्याकडे न्यायची. आम्ही दहा दिवसांची मुदत ठेवली. रेपोमध्ये दोन पानी मराठी टिपण टाकलं, आणि त्याचाच सारांश मालवणीत बोलून चार मिनिटांचा आवाज सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवला. बैठक लिलावानंतर संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवली, कारण सकाळी कुणी येणार नाही. कोड लिहिणारी मुलं व्हिडिओवर होती, सात सोसायट्यांची माणसं समोर. बराच वेळ सेक्रेटरीच बोलत होते. शेवटी मागे खांबाला टेकून बसलेला एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, उठला. “माझ्यार कर्ज किती हा ता माका ठावक आसा, सोसायटीक ठावक आसा. त्या बर्फवाल्याक कित्याक व्हया?” त्यानंतर मत घ्यायची वेळच आली नाही.

पहिलं काम 1,40,000 रुपयांना घेतलं, दुसरं नाकारलं. कंपनी तीन आठवडे गप्प होती, मग सही झाली. तो कोड आता सगळ्यांना मोकळा आहे.

इथे एक बारकावा आहे, नवीन मंडळी त्यात हमखास अडखळतात. ‘वाईट कामाला वापरू नका’ अशी अट ओपन सोर्स लायसन्समध्ये घालता येत नाही. कामाच्या क्षेत्रावरून कुणाला अडवायचं नाही हे ओपन सोर्सच्या व्याख्येतच आहे. ते उचलीचं पान कंपनी स्वतः लिहू शकली असती आणि आम्ही ते अडवू शकलो नसतो. आमच्या हातात दोनच गोष्टी होत्या: मूळ कोडमध्ये काय घ्यायचं, आणि आमच्या सर्व्हरवरचा डेटा कोणाला द्यायचा. म्हणून प्रत्येक सोसायटीशी होणाऱ्या करारात डेटा सोसायटीचा आहे, तिच्या लेखी ठरावाशिवाय तो बाहेर जाणार नाही, असं लिहिलेलं असतं. मूल्यांची राखण लायसन्स एकटं करत नाही, त्याला असे करार जोडावे लागतात.

नाव आणि किल्ल्या

कोड सगळ्यांचा असला तरी नावाला राखणदार लागतो. कुणीही बदललेला प्रोग्राम तुमच्याच नावाने विकू लागला तर लोकांना काय खरं ते कळत नाही. 2006 मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने लिनक्सची आवृत्ती बनवणाऱ्या डेबियनला सांगितलं की तुम्ही बदल केलेला ब्राउझर फायरफॉक्स या नावाने देता येणार नाही. डेबियनने त्याचं नाव आइसवीझल ठेवलं, आणि 2016 मध्ये समेट होऊन मूळ नाव परत आलं. कोड दोघांकडेही पूर्ण मोकळा होता, वाद फक्त नावाचा होता.

आपल्याकडे ट्रेडमार्कची ऑनलाइन नोंदणी व्यक्ती किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपयांत होते आणि दहा वर्षं टिकते. प्रोग्रामसाठी वर्ग 9, होस्टिंगच्या सेवेसाठी वर्ग 42. वस्तूचं नुसतं वर्णन करणारा शब्द मात्र सहसा मिळत नाही. हिशोबाच्या प्रोग्रामला ‘वही’ हे वर्णनच झालं, म्हणून आम्ही चिन्हासकट मोठं नाव दिलं. मग एका पानाचं धोरण लिहा: ‘वही चालवून देतो’ असं कुणीही म्हणावं, ‘आम्हीच वही’ असं म्हणू नये.

डोमेन, रेपो, सर्व्हर आणि बॅकअपच्या किल्ल्या किमान तिघांकडे ठेवा. त्यातला एक तुमच्या पगारावर नसलेला हवा. आमच्याकडे तो एका सोसायटीचा हिशोबनीस आहे.

पैसा उघड्यावर ठेवा

दर तीन महिन्यांनी आम्ही जमाखर्चाचं पान रेपोमध्ये टाकतो: कुठून किती आले, सर्व्हरला किती, कोणाला किती. लोक फुकट काम करत असताना त्यावर कुणीतरी कमावतंय हे कळल्याने प्रकल्प मोडत नाही. ते लपवलेलं नंतर कळतं तेव्हा मोडतो. ज्याला पगार मिळतो त्याच्या नावापुढे तसं लिहा. आणि पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचा बग पुढे घेतला असेल तर तेही लिहा, लोक समजून घेतात.

देखभालीसाठी वेगळा वाटा काढा. आम्ही प्रत्येक खास कामाच्या रकमेतले 20 टक्के बाजूला ठेवतो, आणि त्यातून फक्त जुना कोड सांभाळायचा, नवं काही लिहायचं नाही. याचं कारण एक्सझेडची हकिकत. जगभरच्या लिनक्समध्ये असलेली, फाइल दाबून लहान करणारी ही छोटी लायब्ररी एक थकलेला माणूस एकट्याने सांभाळत होता. दोनेक वर्षं मदतीचं नाव करून एकाने त्याचा विश्वास मिळवला, आणि 2024 च्या सुरुवातीला आत चोरवाट बसवली. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षित शिरायच्या सोयीच्या, लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून 29 मार्चला ते उघडकीला आलं. त्या एकट्या माणसाला वेळेत एखादा पगारी जोडीदार मिळाला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. 2014 मध्ये नेटवरचं संभाषण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड ही मोठी फट सापडली, तेव्हाही हेच दिसलं होतं: जगाचा भार, आणि सांभाळणारे मोजके हात.

निधी शोधायचा तर झेरोधाचा फ्लॉस फंड बघा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तो जाहीर झाला: वर्षाला 10 लाख डॉलर, एका प्रकल्पाला 10 हजार ते 1 लाख डॉलर. सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, ते विसरू नका. परदेशातून देणगी घ्यायला संस्थेला 2010 च्या एफसीआरए कायद्याखाली मंजुरी लागते, केलेल्या कामाचं बिल ही वेगळी गोष्ट आहे. हे दोन्ही आपल्या सीएला विचारूनच करा.

दार उघडं आहे ना, ते वर्षातून एकदा तपासा

मायएसक्यूएल हा डेटाबेस सांभाळणारी सन कंपनी ओरॅकलकडे जाऊ लागली तेव्हा त्यातून मारियाडीबी निघालं; 2010 मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस. लोकांना बाहेर पडता आलं म्हणून दोन्हीकडचं काम वाचलं. आपल्याकडून बाहेर पडता येतं का, हे आपणच तपासायचं. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि सोसायटीत निवांतपणा असतो, तेव्हा आम्ही एक दिवस काढतो. आमच्याशी संबंध नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला कोऱ्या संगणकासमोर बसवायचं, रेपोचा पत्ता आणि एका सोसायटीच्या परवानगीने तिच्या डेटाची फाइल द्यायची, आणि आम्ही कुणी तोंड उघडायचं नाही. मागच्या वर्षी त्या मुलीला प्रोग्राम उभा करायला पाच तास वीस मिनिटं लागली. तीन ठिकाणी ती अडली, ती तिन्ही ठिकाणं आमच्या कागदपत्रांत चुकीची होती. या वर्षी वेळ दोन तासांखाली आणायची आहे.

आता पैसे देणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या करारात आम्ही जो परिच्छेद घालतो तो देते. हवा तसा उचला, बदला:

“या करारातली रक्कम कामाच्या वेळेची आणि जबाबदारीची आहे, कोडच्या मालकीची नाही. या कामातून तयार होणारा सगळा कोड एजीपीएल 3 खाली खुला राहील. रक्कम देणाऱ्याला मूळ प्रकल्पाच्या निर्णयांत जास्तीचं मत मिळणार नाही. सोसायटीचा डेटा सोसायटीचा आहे आणि तिने मागितल्यापासून तीन दिवसांत तो साध्या फाइलमध्ये, कोणतंही शुल्क न घेता, तिच्या हाती दिला जाईल. करार संपल्यावरही हे कलम लागू राहील.”